पिशवी काढायची चिठ्ठी मागायला ती आली तर

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र परवा मिळालं. सक्तीच्या सरकारी सेवेचं, बॉन्डचं वर्ष बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढायचं म्हणून निघालास, तेव्हा तू खट्टू होतास. आता पत्रात चीड आहे. चीड चालेल, तिच्यातून काम होतं. पण एक वाक्य मला खुपलं. ऊसतोडीला जाणाऱ्या तीस-बत्तीस वर्षांच्या बायका येतात, गर्भाशयाची पिशवी काढायची चिठ्ठी द्या म्हणतात, कितीही समजावलं तरी ऐकत नाहीत, असं लिहून तू पुढे लिहिलंस, "मॅडम, अडाणीपणाला औषध नाही."

तुझ्या वयाची असताना मीही हेच म्हणाले होते, आणि एका बाईच्या तोंडावर म्हणाले होते. तिचं वय अठ्ठावीस होतं. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, पाळीत रक्त खूप जायचं. मी नवरा-बायको दोघांसाठी गोळ्या लिहून दिल्या, वजन उचलू नको म्हणाले आणि पंधरा दिवसांनी ये म्हणून सांगितलं. तिनं मान डोलावली. तेव्हा दसरा नुकताच झाला होता. पंधरा दिवसांनी ती पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याशा फडात ऊस तोडत होती, आणि मी तिच्या केसपेपरवर लिहीत होते, 'फेरतपासणीस आली नाही.' पुढच्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा पोटावर टाके होते. काढून टाकली, कटकट गेली, म्हणाली. मी रागावले. माझं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं आणि मग बोटांवर हिशेब मांडला. महिन्याला चार दिवस कोयता हातात धरवत नाही. हंगाम सहा महिन्यांचा. म्हणजे चोवीस खाडे, कामाचे बुडालेले दिवस. ऑपरेशनला झालेला खर्च दोन हंगामांत फिटतो.

तो हिशेब मला खोडून काढता आला नाही. तुलाही येणार नाही. म्हणून आधी तो नीट शिकून घे.

तुझं घर सांगलीतल्या वाळव्याकडचं, ऊसवाल्यांचं. तोडणीवाल्यांची टोळी येते-जाते हे तू लहानपणापासून पाहिलंयस, पण बांधावर उभं राहून. आता आतून बघ. 'कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल देतो, आगाऊ रक्कम, ती जोडीला. ती पावसाळ्यातच घर, लग्न, आजारपण, जुनं देणं यांत संपते आणि हंगामभर टनावर फेडायची असते. एकाचा खाडा झाला तर दोघांचे पैसे कापले जातात, कारण एकटा माणूस तोडणी आणि मोळ्या दोन्ही करू शकत नाही. दिवस पहाटे चारच्या आधी सुरू होतो. भाकरी थापून फड गाठायचा, तोडायचं, पाला साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. गाडी रात्री भरायला आली तर रात्री. कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, परत आलं की चूल आणि पोरं बाईचीच. कोपीला मोरी नाही, संडास नाही. पाणी कॅनॉलचं नाहीतर मालकाच्या विहिरीचं, तेही मागून आणायचं. अंधाराशिवाय आडोसा मिळत नाही, म्हणून बाया दिवसभर पाणीच कमी पितात. पाळीचं कापड धुवायला जागा नाही आणि वाळत घालायला तर त्याहून नाही. कापड ओलंच परत वापरलं जातं, आणि तेच अंग घेऊन ती पुन्हा फडात उतरते.

आता सांग, तिचं ओटीपोट का दुखतं? तू केसपेपरवर जंतुसंसर्ग लिहितोस, ते बरोबरच आहे. पण जंतू तिथपर्यंत ज्या वाटेनं आले, ती वाट केसपेपरवर कुठेच नसते.

वाट फडात सुरू होत नाही, ती बीडमध्येच सुरू होते. बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही आणि शेतीला पाणी नाही. वंजारी, बंजारा, दलित अशी कोरडवाहूवाली किंवा भूमिहीन घरं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडतात. वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवता येत नाही, कोपीवर नेली तर जीव टांगणीला, म्हणून तिचं लग्न उरकतात. लग्न झालं की नवा कोयताही तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९ टक्के आहे. सतरा-अठराला पहिलं मूल, बाविशी-तेविशीत कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. त्यानंतर घरातल्या बोलण्यात पिशवीला कामच उरत नाही. पोरं झाली, आता ती कशाला हवी, हे वाक्य तू ऐकलं असशीलच. सासू म्हणते, नवरा म्हणतो, आणि शेवटी ती स्वतःही म्हणते.

बाईनं दुखणं अंगावर काढायचं, हे तर आपल्याकडे गुण म्हणून शिकवलं जातं. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. मधल्या सगळ्या जणी अंगावर काढत होत्या. हा अभ्यास वाच. मी तो वाचला तेव्हा मला माझ्या दारात न आलेल्या बायका पहिल्यांदा दिसल्या.

आणि आपल्या व्यवसायाचं काय? इतकी वर्षं सोसून ती दवाखान्यात पोचते तेव्हा सोनोग्राफी होते, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं जातं. कॅन्सर शब्द ऐकल्यावर कोण विचार करत बसेल? गोळ्यांनी बरी झाली असती अशी कितीतरी दुखणी या एका शब्दानं ऑपरेशनच्या टेबलावर नेली. हा दोष आपल्या जमातीचा आहे. तिला अडाणी म्हणण्याआधी तो आपल्या पदरात घ्यायला हवा.

२०१९ मध्ये हे प्रकरण विधिमंडळात गाजलं आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्याआधीच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण २.६ टक्के होतं. दोन्ही मोजण्या एकसारख्या नाहीत हे मला कळतं, पण एवढी दरी मोजण्याच्या फरकानं पडत नाही.

मुकादमानं दंडाला धरून दवाखान्यात नेलं, अशा गोष्टी तू ऐकशील. त्यांत अडकू नकोस. बहुतेक वेळा कुणालाच नेण्याची गरज पडत नाही. उचल, खाडा, कोपी, सासूचा शब्द, डॉक्टरचा शब्द, सगळं एकाच दिशेला ढकलतं आणि ती आपल्या पायांनी चालत येते. मग पुष्कळ जणींना काही वर्षांतच गरमीचे झटके, झोप नाही, हाडं दुखणं, आणि अंडाशयही काढलं असेल तर हे सगळं आणखी लवकर. पुरता आराम न मिळताच ती फडावर परतते. एका हिशेबातून सुटली म्हणून दुसऱ्यात अडकते, आणि हा दुसरा हिशेब तिला आधी कुणी सांगितलेलाच नसतो. तो सांगणं तुझं काम.

तुझ्या तालुक्याला लागूनच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. शिकलेल्या नर्स गावांत रुळेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी दलित, अक्षरओळख नसलेल्या. बाळंतपण, पोषण, जुलाब सगळं त्यांनी हाताळलं. बोअर घ्यायचे तर ते दलितवस्तीत घेतले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे यावं लागेल. मला विचारशील तर त्या बोअरनं औषधाच्या कितीतरी पेट्यांचं काम केलं. सुट्टीच्या दिवशी जाऊन ये, तासाभराचाही रस्ता नाही.

आता तुझ्या हातात काय आहे ते लिहिते. कारखाने सुरू होण्याआधीचे दोन महिने तुझ्यासाठी सगळ्यात मोलाचे. आशाताई आणि सिस्टरला घेऊन वाड्या-तांड्यांवर जा. कोण कुठल्या कारखान्याला, कोणाच्या टोळीत जाणार, याची यादी कर. हिमोग्लोबिन तपास आणि लोहाच्या गोळ्या महिन्याच्या नको, हंगामभर पुरतील इतक्या दे. संसर्गाचे उपचार निघण्याआधीच पुरे कर, नवऱ्यासकट. जास्त रक्त जाणारीला, पिशवी न काढताही ते थांबवायचे इलाज आहेत, हे नवऱ्यासमोर समजावून सांग, कारण खाडा त्याच्याही खिशातून जातो. काय आजार, काय औषध, हे मराठीत, मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून दे, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करायला नको. 'पंधरा दिवसांनी ये' हे वाक्य दसऱ्यानंतर उच्चारू नकोस. आणि काही जणींना ऑपरेशन खरोखर लागतं. तेव्हा आडमुठेपणा करू नकोस, जिल्हा रुग्णालयात पाठव आणि हंगामाच्या आधी पुरेसे महिने मिळतील असं बघ.

तपासताना चार प्रश्न आधी विचारत जा. उचल किती आहे? मागच्या हंगामात खाडे किती झाले? पाणी कुठलं होतं? पाळीत काय करत होतीस? पहिले दोन ऐकून ती तुझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघेल, मग उरलेल्या दोन प्रश्नांची खरी उत्तरं देईल.

संक्रांतीला तू घरी जाशील. तेव्हा तुमच्या रानात तोड चालू असेल. टोळी कुठली ते विचार, बीडची असायची शक्यता दाट आहे. कदाचित तुझ्याच यादीतली एखादी बाई मोळी डोक्यावर घेऊन फळी चढत असेल. कोपीपर्यंत जा. बाया आडोशाला कुठे जातात ते विचार, पाणी कुठून भरतात ते बघ. मग घरी वडिलांशी बोल. विहिरीवरचा एक नळ, चार पत्र्यांची मोरी आणि संडास, एवढं त्यांना जड जाणार नाही. ते काय म्हणाले, ते मला सविस्तर लिही.

तुझी,
मॅडम