बँकेचा चेक, शर्टाचे चेक्स आणि पटावरचा शह

प्रश्न असा आहे: बँकेतला चेक, शर्टावरचे चेक्स आणि ‘जरा चेक करून सांगा’ मधला चेक हा एकच शब्द, की नुसते उच्चार जुळलेत?

शब्द एकच. मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर चाल करताना ‘शाह’ म्हणत. ती हाक अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच असा प्रवास करत इंग्रजीत ‘चेक’ झाली. ‘चेस’ हे तिच्याच फ्रेंच अनेकवचनातून आलं, आणि ‘शाह मात’चं झालं ‘चेकमेट’. आपल्याकडे हेच शब्द फारसीतून आले: शह आणि मात. शहावरूनच काटशह. ‘संकटावर मात केली’ म्हणताना आपण अजून त्या पटावरच असतो!

शह बसला की राजाची मोकळीक संपते. म्हणून चेक म्हणजे आधी अडवणं, लगाम घालणं. तपासणं हा अर्थ त्यातून मागाहून निघाला. चेक्स मात्र पटाच्या घरांवरून आले. मराठीत त्या कापडाला चौकडीचं म्हणतात.

चेकबुकाची वाट जरा वाकडी आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशेब ज्या मेजावर होत, त्याचं वर्णन खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी करून ठेवलंय. मेज सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद. वरचं काही घरंगळू नये म्हणून कडेला चार बोटं उंच काठ. वर काळं कापड, त्यावर वीतभर अंतराने रेघा. एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंड, अशा सोंगट्या सरकवत बेरीज-वजाबाकी चाले. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसणारं म्हणून हे ‘एक्सचेकर’. ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांच्या पदनामात ते आजही आहे.

अठराव्या शतकात बनावट कागद पकडण्यासाठी ठेवलेल्या स्थळप्रतीला चेक म्हणू लागले, पुढे ते नाव पैसे काढायच्या कागदालाच चिकटलं. ब्रिटिश स्पेलिंगच्या शेवटी क्यू-यू-ई आलं ते ‘एक्सचेकर’च्या प्रभावाने, अमेरिकेत सी-के टिकलं.

भाषांतरात घोळ होतो तो जुना अर्थ विसरल्यामुळे. ‘अनचेक्ड ग्रोथ’ म्हणजे ‘न तपासलेली वाढ’ नव्हे, अनिर्बंध वाढ. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ला ‘तपासण्या आणि संतुलन’ लिहिलं की राज्यघटनेवरचं वाक्यच कोसळतं. तिथे ‘परस्पर अंकुश आणि समतोल’ हवं. ‘चेक’च्या जागी ‘रोखणे’ घालून वाक्य वाचा. अर्थ लागला, तर ‘तपासणे’ खोडा.

चेक प्रजासत्ताकाचा मात्र या कुळाशी काही संबंध नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, देवनागरीत फक्त अक्षरं सारखी पडतात.