पावसाळ्यात अंगणातल्या कुत्र्याचं घर कोरडं कसं ठेवायचं?

आमचं गाव रत्नागिरीकडचं, जून ते सप्टेंबर नुसता पाऊस, म्हणून अनुभवाने सांगतो. घर जमिनीवर टेकवूच नका, खाली चार चिरे ठेवून वीतभर उचला आणि दार पश्चिमेला नको, झड सगळी तिकडूनच येते. गोणपाट तर अजिबात नको, एकदा भिजलं की दोन दिवस कुबट वास मारतं, त्यापेक्षा भाताचा सुका पेंढा घाला आणि ओलसर वाटला की लगेच बदला. बाहेरून आला की पंजे पुसा, बोटांच्या मधे पण, बुरशी तिथेच धरते. फळ्यांच्या फटीत गोचीड लपतात तेही बघा. फिनेल नका वापरू, चाटलं तर त्रास होतो, साबणाचं गरम पाणी बास. एवढं करून आमचा मोत्या पडवीतच झोपतो ते सोडा.