‘सरांसारखं मला कधीच जमणार नाही’ : निरीक्षणाच्या पहिल्या आठवड्यातील एक भीती

दरवर्षी कापूस वेचणीच्या सुमारास, अध्यापक विद्यालयातील पहिल्या वर्षाची मुले-मुली खेड्यांतील शाळांमध्ये निरीक्षणासाठी जाऊ लागली की, माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे आणि त्यांचे शब्द बदलतात, आशय मात्र तोच असतो : वर्गात मागे बसून अनुभवी शिक्षकाला शिकवताना पाहिले आणि हे आपल्या आवाक्यातले नाही असे वाटू लागले, तर वेळीच सोडून द्यावे का? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देण्याचा मोह मला पूर्वी होत असे. तो का सोडावा लागला, हे पुढील अनुभवातून कळेल. संबंधित छात्राध्यापिकेच्या संमतीने तो लिहीत आहे आणि ती ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून एक दिवस समुपदेशनासाठी बसते. तिथे ही मुलगी आली तेव्हा तिचे वय एकोणीस होते. घरी चार एकर कोरडवाहू शेती, बारावीनंतर डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेला, प्रवेश, घराण्यात शिक्षकी पेशात जाणारी ती पहिलीच. निरीक्षणासाठी तिला पहिली ते चौथीची, दोन शिक्षकांची जिल्हा परिषद शाळा मिळाली होती. शाळेतील जवळपास निम्मी मुले शेजारच्या पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी. पहिला आठवडा तिने पुरा केला. दुसऱ्या सोमवारी पोटात मुरडा येत असतानाच ती एसटीने निघाली, फाट्यावर उतरली, शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याला लागण्याऐवजी कडुनिंबाखाली तासभर बसून राहिली आणि परतीच्या गाडीने घरी आली. घरी मात्र शाळेला सुट्टी असल्याचे सांगितले. मंगळवारी पुन्हा तेच घडले.

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. "मॅडम, मले हे जमन असं वाटत नाई," एवढे ती म्हणाली आणि मी लगेच, सुरुवातीला सगळ्यांनाच असे वाटते, सरावाने जमेल, असे सांगून मोकळी झाले. सांगितले ते खोटे नव्हते, पण ते ऐकताच तिने मान हलवली, ओढणी सावरली आणि त्यानंतर पंधरा मिनिटे ‘हो’ आणि ‘नाही’ यांखेरीज काही बोलली नाही. दिलासा घाईने दिला की समोरच्याला गप्प करण्याचेच काम करतो, हे या व्यवसायात इतकी वर्षे काढूनही मला पुन्हा शिकावे लागते.

दुसऱ्या भेटीत मी काही समजावण्याच्या भानगडीत न पडता, आठवड्यातील सर्वांत वाईट दहा मिनिटे कोणती, एवढेच विचारले. तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. शुक्रवारी सरांना फोन आला. कुठलीशी माहिती त्याच दिवशी ऑनलाइन भरून द्यायची होती. "मॅडम, जरा वर्ग पाहा," असे म्हणून ते कार्यालयात गेले. पहिली आणि दुसरीची मिळून एकवीस मुले तिच्या स्वाधीन झाली. दोन मिनिटे शांतता टिकली. मग दुसरीतील दोन मुलांची एका पाटीवरून ओढाताण सुरू झाली, तिघेजण पाणी पिण्यासाठी एकदम उठले, कोणीतरी रडू लागले. तिने आधी विनवले, मग आवाज चढवला आणि शेवटी टेबलावर लाकडी पट्टी आपटून ती ओरडली, "मुस्कट फोडीन एकेकाचं!" वर्ग चिडीचूप झाला. पहिलीतील एका मुलाने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले होते आणि सर परत येईपर्यंत त्याने ते हात काढले नाहीत.

"तो शब्द माह्या तोंडातून कसा निघाला, मले समजलंच नाई," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने तिने सांगितले की तो तिच्या स्वतःच्या तिसरीच्या गुरुजींचा शब्द होता, आणि डोके झाकून बसणाऱ्यांत त्या वेळी तीही असे.

म्हणजे तिला छळणारी गोष्ट ‘जमणार नाही’ ही नव्हतीच. आपण कोणासारखे होऊन बसू, याची ती भीती होती. शिक्षकी पेशा या बाबतीत इतर व्यवसायांहून वेगळा आहे. वकील होऊ पाहणाऱ्याने क्वचितच न्यायालय पाहिलेले असते, पण शिक्षक होऊ पाहणारा माणूस बारा-पंधरा वर्षे रोज पाच-सहा तास शिक्षकांना पाहून आलेला असतो. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये याला निरीक्षणातून घडलेली उमेदवारी, म्हणजे शिकाऊपणा, म्हटले आणि तिच्यातील खोटही दाखवली : विद्यार्थ्याच्या जागेवरून शिक्षकाचे बोलणे, रागावणे, फळ्यावर लिहिणे दिसते, मात्र त्यामागचा विचार आणि आदल्या दिवशीची तयारी दिसत नाही. त्यामुळे गोंधळाच्या क्षणी विचार करायला उसंत नसली की, लहानपणी साठलेले तेच बाहेर येते. हे कळल्याने तिच्या कृतीचे समर्थन होत नव्हते आणि मी ते केलेही नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे, हे तिने अभ्यासक्रमात वाचले होते आणि त्यामुळेच तिची शरम दुप्पट झाली होती. परंतु आपल्यात मुळातच काही वाईट आहे हा तिचा निष्कर्ष, आपण एक जुनी सवय उचलली आहे एवढ्यावर आला. सवयीवर काम करता येते.

त्यानंतर मी तिची निरीक्षण वही मागितली. छापील तक्त्यात प्रस्तावना, हेतुकथन, आशयाची मांडणी, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, मूल्यमापन असे रकाने होते आणि सहाही दिवशी प्रत्येक रकान्यात ‘उत्तम’ असा एकच शब्द होता. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत मात्र बरेच काही लिहिलेले होते : ‘सर आवाज चढवत नाहीत. मला जमेल का?’, ‘सरांनी फक्त पाहिले आणि मुले बसली. माझे कोण ऐकेल?’ सहा दिवसांच्या त्या नोंदींत सर होते, ती स्वतः होती. एकही मूल नव्हते.

याचे मला आश्चर्य वाटले नाही. फ्रान्सिस फुलर या संशोधिकेने १९६९ मध्येच मांडले होते की नवख्या शिक्षकाची काळजी आधी स्वतःभोवती फिरते, मी पुरा पडेन का, माझे ऐकतील का, आणि मुले शिकत आहेत की नाही ही काळजी नंतर येते. माझ्या मते छापील तक्तेही या स्वतःभोवतीच्या फिरण्याला खतपाणी घालतात, कारण त्यांत शिक्षकाचे गुण मोजायचे असतात; आणि उद्या याच तक्त्यावर आपल्यालाही मोजणार, हे मागे खुर्ची टाकून बसलेल्या मुलीला पक्के ठाऊक असते.

मी तिला तक्त्याव्यतिरिक्त एक काम दिले. रोज एकच मूल निवडायचे, दहा मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहायचे आणि जे डोळ्यांना दिसले व कानांना ऐकू आले तेवढेच लिहायचे. ‘आळशी’, ‘हुशार’, ‘लाजाळू’ असे एकही विशेषण नको. त्याचबरोबर, गोंगाट होण्याआधीच्या मिनिटाला सर काय करत होते, तेही टिपायचे. शाळेत परतण्याचा निर्णय मी तिच्यावरच सोडला होता. बुधवारी ती गेली. कोणते मूल निवडावे हे मी सांगितले नव्हते. तिने डोके झाकणारा मुलगाच निवडला.

पुढच्या भेटीत तिने आणलेल्या पानांपैकी एक मला अजून आठवते. मराठीच्या तासाला हा मुलगा चित्रांच्या तक्त्याकडे न पाहता दुसरीत बसलेल्या आपल्या बहिणीच्या ओठांकडे पाहत होता. सरांनी ‘पाणी’ असे म्हणताच तो हलला नाही. बहिणीने हळूच काहीतरी कुजबुजल्यावर त्याने चित्रावर बोट ठेवले. गणिताच्या वेळी सतरंजीवर चिंचोके मांडून त्याने सात मोजले, एक परत उचलला, पुन्हा ठेवला. मोजताना त्याचे ओठ हलत होते, पण शब्द मराठी नव्हते. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा असल्यामुळे मराठीशी तिचे कुळाचे नातेही नाही, आणि पोडावरून थेट पहिलीत आलेल्या मुलाला वर्गातील बरेचसे बोलणे निव्वळ आवाज म्हणून ऐकू येत असणार. तिने आठवडाभर ज्याला ‘घाबरट’ समजले होते, तो प्रत्यक्षात ऐकण्याचे अवघड काम सतत करत होता.

सरांविषयीच्या नोंदीही बदलल्या होत्या. पहिलीकडे वळण्यापूर्वी ते दुसरीला फळ्यावरचे उतरवून घेण्याचे काम देतात. पाट्या वाटण्याचे काम परिपाठ संपताच ठरलेल्या दोन मुलांकडे असते, त्यामुळे ओढाताण होत नाही. प्रश्न विचारताना ते फळ्याजवळ उभे न राहता चुळबुळ करणाऱ्यांच्या मागे जाऊन उभे राहतात. बहीण-भाऊ एकमेकांना दिसतील असे त्यांनी मुद्दाम बसवले आहे. शुक्रवारी तिच्या हाती आलेल्या वर्गात यांतले काहीच नव्हते. दुसरीला काम दिलेले नव्हते आणि पाट्या मध्यभागी पडलेल्या होत्या. जे तिला सरांच्या नजरेचा दरारा वाटले होते, ती पंचवीस वर्षांची मांडामांड होती.

त्यात शाळेची रचनाही लक्षात घ्यावी लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक असतात, म्हणजे लहान गावात चार इयत्ता दोघांत वाटल्या जातात आणि एका शिक्षकाने एकाच वेळी दोन वर्ग शिकवणे हा तिथला नित्यक्रम ठरतो. अध्यापक विद्यालयातील सराव पाठ बहुधा एका इयत्तेचा, एका घटकाचा असतो. ती ज्या कामाशी स्वतःची तुलना करत होती, ते काम तिला अद्याप कोणी शिकवलेलेच नव्हते.

शुक्रवारचा प्रकार सरांना सांगावा की नाही, यावर आम्ही बराच वेळ घालवला. माझे मत सांगावे असे होते, पण मी आग्रह धरला नाही. तिने सांगितले. सर रागावतील अशी तिची खात्री होती. ते म्हणाले की, वर्ग तसाच सोडून जायला नको होते, ती माझी चूक, आणि मुलांशी त्या शब्दाबद्दल तू स्वतः बोल. कोलामी येत नसल्यामुळे तिने बहिणीमार्फत त्या मुलाला सांगितले की मी ओरडले, ते बरोबर नव्हते. त्यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो गैरहजर होता, पण ते आईवडील वेचणीला गेल्यामुळे घरी लहान भावंडाला सांभाळण्यासाठी, असे बहिणीने सांगितले. तरीही ती रात्रभर स्वतःला दोष देत राहिली. हा दोष एका बैठकीत जात नाही.

पोटातला मुरडा तिसऱ्या आठवड्यात कमी झाला. असा त्रास दोन-तीन आठवडे टिकला, झोप उडाली, जेवण तुटले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर ती केवळ नवखेपणाची धास्ती समजून अंगावर काढू नये. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, भरती, "डीएड करून काय होते" असे म्हणणारे शेजारी, हे विषयही आमच्या बोलण्यात आले, पण ते प्रश्न वेगळे आहेत आणि वर्गाच्या भीतीत ते मिसळू नयेत, एवढेच मी तिला म्हटले.

निरीक्षणाचा कालावधी संपताना ती शेवटची भेटायला आली. सोडून द्यावे का, हा प्रश्न तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. तिला पहिलीच्या मुलांसाठी चित्रांची कार्डे करायची होती आणि प्रत्येक चित्राला कोलामीत काय म्हणतात ते हवे होते. मला ते सांगता येईना. "राहू द्या मॅडम," ती उठत म्हणाली, "खिचडी शिजवणाऱ्या मावशी पोडावरच्याच आहेत, त्याइले विचारतो."