'अविशिष्ट' की 'अवशिष्ट'?

कर्करोगाच्या तपासणीत होणाऱ्या पेट स्कॅनच्या अहवालातील 'नॉनस्पेसिफिक अपटेक' या शब्दांचे भाषांतर 'अवशिष्ट ग्रहण' असे केलेले एका वाचकाला आढळले असून ते योग्य आहे काय, अशी विचारणा त्यांनी केली आहे. ते साफ चूक आहे. तेथे 'अविशिष्ट' हवे, म्हणजे कोणत्याही एका रोगाची खूण न ठरणारे. ही गळालेली वेलांटी हल्ली वारंवार वाचावी लागते आणि ती निरुपद्रवी नाही. कर्करोगाच्या संदर्भात 'अवशिष्ट' म्हणजे उपचारांनंतर मागे उरलेला रोग. स्कॅनसाठी टोचलेले ग्लुकोजसदृश किरणोत्सारी द्रव्य क्षयाच्या गाठीत किंवा साध्या दाहाच्या जागीही ओढले जाते, त्यामुळे ते दिसले एवढ्यावरून कर्करोग ठरत नाही, इतकेच डॉक्टरांना म्हणायचे असते. घरची माणसे मात्र 'गाठ अजून शिल्लक आहे' असे वाचतात.

दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, हीच यातली खरी गंमत. 'शिष्' म्हणजे मागे ठेवणे, उरवणे. त्यावरून शेष, अवशेष आणि विशेष हे शब्द आले. 'विशिष्ट' म्हणजे इतरांपासून वेगळे काढून ठेवलेले, 'अवशिष्ट' म्हणजे मागे राहिलेले, आणि 'उच्छिष्ट' म्हणजे जेवून उरलेले, ज्याचे मराठीत 'उष्टे' झाले. म्हणजे 'विशिष्ट' आणि 'उष्टे' ही एकाच घराण्यातली मंडळी. 'विशिष्ट म्हणजे विशेष शिष्ट, अर्थात फार सभ्य' असे शिकवणाऱ्यांनी कोश उघडण्याचे कष्ट घेतलेले नसतात. सभ्य या अर्थाचा 'शिष्ट' हा 'शास्' धातूचा, शिष्य आणि शासन यांचा सोयरा; त्याचा येथे संबंध नाही. 'अविनिर्दिष्ट' सुचवणाऱ्यांचेही मला पटत नाही. 'विनिर्दिष्ट' हा कायद्याच्या भाषेतला शब्द असून त्यात कोणीतरी नेमून दिल्याचा भाव आहे. रक्तातल्या रेणूला कोण नेमून देणार?

गाठीत साचणाऱ्या औषधांच्या बाबतीत मात्र हे दोन्ही शब्द एकदम खरे ठरतात, असे माझे आग्रहाचे मत आहे. जपानमधील कुमामोतो येथे यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी 1986 साली दाखवले की, इव्हान्स ब्लू हे रंगद्रव्य रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून उंदरांच्या गाठींमध्ये साचते. ते गाठीला ओळखून तेथे जात नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने, कशाबशा वाढलेल्या आणि झिरपणाऱ्या असतात, आणि पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांकडून होणारा निचरा अपुरा असतो. नळ गळतो आणि मोरी तुंबलेली, अशी ती अवस्था. लहान रेणू रक्तात परत निसटतात, मोठे मागे राहतात. आत शिरणे अविशिष्ट, राहून जाणे अवशिष्ट! असे असताना लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये, भरलेले औषध 'कर्करोगाच्या पेशी हुडकून काढते' असे वृत्तपत्रे बिनदिक्कत छापतात. दहा वर्षांच्या संशोधनाचा 2016 साली आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी (लायपोसोमसारख्या अतिसूक्ष्म कणांपैकी) गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण 0.7 टक्के निघाले. पुष्कळसे यकृत आणि प्लीहेतच अडकतात. याला हुडकणे म्हणायचे असेल, तर 'चुकून सापडणे' याला वेगळा शब्द शोधावा लागेल.

ही गळतीची उपपत्तीही सर्वमान्य राहिलेली नाही. टोरोंटोतील संशोधकांनी 2020 साली असे मांडले की, बहुतेक नॅनोकण वाहिन्यांच्या फटींतून झिरपत नाहीत, तर भिंतीतल्या पेशीच त्यांना सक्रियपणे पलीकडे नेतात. तसे असेल तर 'झिरपणे' या क्रियापदाचा फेरविचार करावा लागेल. 'अविशिष्ट' मात्र टिकेल, कारण रक्तवाहिनीच्या पेशीने कण पलीकडे नेला, म्हणून त्या कणाने कर्कपेशी ओळखली असे होत नाही.