गळ्यात पास अडकवला की गाणं ऐकता येतं का?

प्रश्न : ताई, मी चोपड्याची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका मोठ्या संगीत महोत्सवात स्वयंसेवक म्हणून माझी निवड झालीय. पैसे नाहीत, जेवण, टी-शर्ट आणि प्रवेश फुकट. गाणी ऐकायला मिळतात का? कंपन्यांचे झोपाळे, फोटोबूथ, गेम असतात, ते आम्हाला चालतात का? आई म्हणते, दारूच्या कंपनीचं नाव असलेल्या ठिकाणी तुझं काय काम?

उत्तर : आईचं आधी, कारण तिथूनच तुझी गाडी सुटणार आहे. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. मग या कंपन्या सोडा, पाणी, संगीत अशा आडवाटेने नाव लोकांपुढे ठेवतात. पुण्यात 2010 साली सुरू झालेल्या वीकेंडर या संगीत महोत्सवाच्या नावाआधीही नंतर बकार्डी या दारूच्या कंपनीचं नाव लागायचं. तेव्हा माऊलीची शंका खुळचट नाही. तू संयोजकांना आत्ताच लेखी कळव : बारच्या काउंटरवर ड्यूटी नको. महाराष्ट्रात सौम्य बिअरलाही वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला 25. एवढं कारण पुरे. रात्री मुक्काम कुठे आणि तिथवर कोण सोडणार, हेही विचार, आणि ते उत्तर आईला वाचून दाखव.

गाण्याचं सगळं ड्यूटीवर. मी एकदा गेटवर मनगटाला पट्ट्या बांधायला होते. जिच्यासाठी जळगावहून गेले, त्या गायिकेचा आवाज नाहीच, पत्र्याआडून नुसता बास धडधडत होता. वेळापत्रक लागलं की एकच कार्यक्रम निवड आणि तेवढा तास बदलून माग. पाच मागितलेस तर एकही मिळणार नाही. स्टेजपुढे पाणी वाटायची ड्यूटी सगळ्यांना हवी असते, पण कानात इअरप्लग घालूनच उभी राहा. 85 डेसिबलला आठ तास चालतात. 100 ला पंधरा मिनिटांतच कानाची मर्यादा संपते.

आता झोपाळे! ड्यूटी संपल्यावर सहसा कुणी अडवत नाही. दुपारी गेट उघडल्या उघडल्या जा, रांगच नसते. अंधार पडला की फोटोबूथपाशी रेशनच्या दुकानासारखी गर्दी. आणि आधी तो टी-शर्ट बदल बाई. नाहीतर झोपाळ्यावर बसल्या बसल्या दहाजण तुला स्वच्छतागृह विचारतील. बक्षिसाच्या खेळात स्वयंसेवकांना घेतात का, ते खेळण्याआधी विचारून घे.

या फुकट मौजेची किंमत बहुतेक वेळा तुझा मोबाइल नंबर असते. क्यूआर कोड स्कॅन करा, नंबर टाका, टोपी घ्या. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे, पण आपण टोपीकडे बघत ‘मान्य’ दाबतो. मला विचारशील तर मोबाइल चार्जिंगचा स्टॉल सोडून एकाही ठिकाणी मी नंबर देणार नाही. फोटो मात्र खुशाल काढ.

जळगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते. भरीत-पुरी गाडीतच संपव, बाहेरचं खाणं बहुधा गेटवरच काढून ठेवतात. काही ठिकाणी स्वयंसेवकांकडून अनामत रक्कम घेतात, तिची पावती माग. प्रमाणपत्रही शेवटच्या दिवशी सही करूनच घे. मांडव उतरला की सही करणारा माणूस सापडत नाही.