अचानक हृदय बंद पडणे टाळता येते का?

प्रश्न : आमच्या शेजारचे 42 वर्षांचे गृहस्थ सकाळी फिरताना कोसळले आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच गेले. वर्षभरापूर्वीचा त्यांचा ईसीजी व्यवस्थित होता. मग तपासण्यांचा उपयोग काय? असे मृत्यू रोखण्यासाठी शहराने काही करावे, की हे नशीबच मानावे?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : नशीब मुळीच मानू नये. झोपवून काढलेला ईसीजी ही हृदयाच्या लयीची काही सेकंदांची नोंद असते. रक्तवाहिन्यांतील अडथळा तीत दिसेलच असे नाही. पस्तिशीनंतरच्या अशा मृत्यूंमागे बहुतेकदा हाच अडथळा असतो, म्हणून रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे हाच मुख्य प्रतिबंध होय. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) अवश्य करावा. हृदयाची पंपक्षमता 35 टक्के किंवा त्याहून कमी राहिली, तर आयसीडी हे, हृदयाची धोकादायक लय ओळखून आतूनच विजेचा झटका देणारे उपकरण शरीरात बसवण्याचा विचार केला जातो.

तरीही काहीजण कोसळणारच, आणि तेथे शहराची जबाबदारी सुरू होते. हृदय थांबल्यावर काहीच उपचार न मिळाल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. द्वारका चौकातील वाहतुकीतून रुग्णवाहिका कितीही वेगाने आली, तरी पहिली मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याच हाती असतात. हाक मारूनही प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येत आहेत, असे दिसताच एकाने 108 ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. तोंडाने श्वास देणे जमत नसेल, तरी दाब थांबवू नये. एईडी हे विजेचा झटका देणारे यंत्र जवळ असल्यास ते लगेच लावावे; पुढच्या सूचना ते स्वतःच बोलून देते.

डेन्मार्कने 2005 मध्ये शाळांत आणि पुढच्या वर्षी वाहन परवान्यासाठी छाती दाबून जीव वाचवण्याचे हे प्रशिक्षण सक्तीचे केले. तेथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी 30 दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण 2001 मधील 3.5 टक्क्यांवरून 2010 मध्ये 10.8 टक्क्यांवर गेले. अर्थात, या वाढीला इतर सुधारणांचाही हातभार होता. सिंहस्थासाठी रामकुंडावर लोटणारी गर्दी आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्या पाहता, नाशिकने लोकांना हे प्रशिक्षण देण्याचे काम रस्ते-पुलांइतकेच निकडीचे मानायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक विनंती. त्या गृहस्थांच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना हृदयरोगतज्ज्ञांकडे जाण्यास सांगावे. तरुण वयातील काही हृदयदोष आनुवंशिक असतात. धावताना-खेळताना त्यांच्यापैकी कोणी कधी बेशुद्ध पडले असेल, तर अजिबात उशीर करू नये.