कावासाकी निंजा 1000 एसएक्सला कंपनीचाच टायर घ्यावा की टूरिंग? राहायला नाशिक, मुंबईला नेहमीचं जाणं-येणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीसोबत आलेले ब्रिजस्टोन एस22, मागचा मधोमध संपलाय, पुढच्यावर अजून नक्षी आहे. मुंबईला पावसातसुद्धा जाणं-येणं, अधूनमधून मिसेसना घेऊन सापुतारा. दुकानदार म्हणतोय मागच्याचं मूळ माप 190/50 मिळत नाही, 190/55 पडून आहे, तो लावून टाकू. तर काय करावं?

माझ्याकडे हीच गाडी आहे आणि मीही नाशिकचाच, म्हणून आढेवेढे न घेता सांगतो. टूरिंग टायर (लांब पल्ल्यासाठी बनवलेला) घ्या, शक्यतो जोडीने घ्या, आणि 190/50 साठी थांबावं लागलं तर थांबा.

आधी तुमचा मागचा टायर कसा झिजलाय ते बघा. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) घ्या आणि टायरवरून आडवा तळहात फिरवा. दोन्ही कडांना गोलाई जवळपास नव्यासारखी असेल आणि मधे तीन-चार बोटं रुंदीचा सपाट पट्टा. हा पट्टा संपतो तिथे हाताला कोपरा लागतो. मुंबई नाक्याच्या सर्कलला गाडी आधी वळायलाच नको म्हणते आणि मग एकदम आत पडते, ती या कोपऱ्यामुळे. सस्पेन्शन बिघडलं असं समजून लोक तिथे खर्च करत बसतात.

हा पट्टा पडतो तो आपल्या रस्त्यांमुळे. पाथर्डी फाटा सोडला की इगतपुरीपर्यंत सरळ, मग कसाऱ्याचा थोडा घाट, पुढे भिवंडी-ठाण्यापर्यंत पुन्हा सरळ. धुळ्याकडे गेलात तर चांदवडचा घाट सोडून तेच. (समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, त्यामुळे तो विषय मिटला.) म्हणजे गाडी कितीही स्पोर्ट्स असली तरी बहुतेक किलोमीटर टायरच्या मधल्या भागावरच निघतात. एस22 हा मुळात हायपरस्पोर्ट टायर, म्हणजे वळणांत जोरात चालवण्यासाठीचा. नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे चढताना तो जी पकड देतो ती मलाही आवडते. पण मे महिन्यात लोड घेऊन ओझरच्या पुढे तापलेल्या डांबरावर तासन्‌तास सरळ पळणं हे त्याचं कामच नाही. टूरिंग टायरच्या मागच्या चाकात मधे टणक आणि कडेला मऊ असं दोन प्रकारचं रबर सहसा असतं, सिलिका भरपूर असते म्हणून थंड आणि ओल्या रस्त्यावर पकड लवकर येते, आणि पाणी बाहेर फेकायला खाचा जास्त असतात. गडाच्या वळणांवर तुम्ही-आम्ही जितकी गाडी झुकवतो तेवढ्याला तो पुरून उरतो.

ब्रँडवरून रायडरांच्या ग्रुपवर रोज भांडणं होतात, त्यात पडू नका. मिशेलिन रोड 5 किंवा रोड 6, पिरेली एंजल जीटी 2, मेट्झेलर रोडटेक 01, ब्रिजस्टोन टी32, यातला ताज्या तारखेचा जो मिळेल तो चालेल. माझा कल रोड 6 कडे आहे, कारण आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये घोटी-इगतपुरीला जे पडतं त्याला पाऊस म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. मिशेलिनच्या या टायरमधल्या फटी वरून बारीक आणि आत रुंद असतात. रबर झिजतं तशी फट रुंद होत जाते, त्यामुळे अर्धा झिजलेला टायरही पाणी बऱ्यापैकी फेकतो. एंजल जीटी 2 ला मधून दोन लांब सलग खाचा आहेत, तोही पावसात उत्तम, आणि वळणात मला तो रोडपेक्षा जास्त चपळ वाटतो. रोड 5 आला 2018 ला, एंजल जीटी 2 आला 2019 ला, रोड 6 आला 2022 ला. जुनं मॉडेल म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. मॉडेल जुनं चालतं, टायर जुना चालत नाही. भारतात बनणाऱ्यांमध्ये टीव्हीएस युरोग्रिपचा रोडहाउंड बघण्यासारखा आहे, फक्त आपलं माप हातात आहे का ते आधी विचारा. सातपूरला सिएटचा कारखाना आहे म्हणून नाशिकला टायर स्वस्त पडतात अशी एक गोड समजूत आपल्याकडे आहे, तिचा इथे काही उपयोग नाही.

आता 190/55 बद्दल. 190 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि 50 म्हणजे उंची त्या रुंदीच्या 50 टक्के. म्हणजे तुमच्या टायरची भिंत 95 मिमी, दुकानदाराच्या टायरची 104.5 मिमी. मागची बाजू साडेनऊ मिलिमीटर उचलली जाईल आणि चाकाचा घेर सुमारे 3 टक्के वाढेल. गाडी वळायला चपळ होते म्हणून मुद्दाम 55 लावणारे आहेत आणि ते खुशीत आहेत. पण ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरून फिरू न देणारी यंत्रणा) पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगाची तुलना करून काम करतं आणि कंपनीने ते 190/50 धरून बसवलंय. शिवाय मागे माणूस आणि पॅनिअर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) घेऊन जाणाऱ्याला गाडी आणखी चपळ करून काय मिळवायचंय? दुकानात 55 पडून असतो कारण झेडएक्स-10आरसारख्या सुपरबाइकला तेच माप लागतं. म्हणजे तो टायर बहुधा तुमच्या एस22 पेक्षाही मऊ निघेल. माप बदलायचंच असेल तर ते तुम्ही ठरवा, दुकानदाराच्या स्टॉकने ठरवू नये. मापाच्या शेजारी 73डब्ल्यू आहे ना तेही वाचा. 73 म्हणजे त्या टायरवर 365 किलोपर्यंत भार, डब्ल्यू म्हणजे ताशी 270 किमीपर्यंतचा वेग. पुढच्याला 58डब्ल्यू. याहून खालचं रेटिंग स्वस्तात मिळालं तरी नको.

190/50 चा तुटवडा मात्र खरा आहे, दुकानदार थापा मारतोय असं नाही. जून 2020 मध्ये सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, परवाना लागायला लागला, आणि तेव्हापासून मोठ्या गाड्यांचे टायर लॉटने येतात आणि लॉटने संपतात. म्हणून नाशिकमध्ये विचाराच, पण मुंबई-पुण्यालाही दोन-तीन फोन करा. पैसे पाठवण्याआधी टायरच्या भिंतीचा फोटो मागवा. डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 3425 असेल तर 2025 सालचा 34 वा आठवडा. आकडे एका बाजूला नसतील तर दुसऱ्या बाजूला असतात, त्यामुळे ‘यावर तारीखच नसते’ हे ऐकून घेऊ नका. दोन वर्षांपर्यंतचा, सावलीत ठेवलेला टायर मी घेतो. तीनच्या पुढे गेला की भाव कितीही पाडला तरी नको.

जोडीने का, तर पुढचा एस22 आणि मागचा टूरिंग असं झालं की दोन्ही टोकांचं वागणं वेगळं होतं, आणि ते नेमकं ओल्या वळणावर कळतं. पुढच्यावर खरंच अर्ध्याहून जास्त नक्षी असेल आणि दोन्हींचा खर्च एकदम झेपत नसेल तर आता मागचा घ्या आणि दिवाळीच्या आसपास त्याच मॉडेलचा पुढचा. मधल्या काळात पावसात जरा दमाने.

बसवताना मशीनला मोटरसायकलचं अडॅप्टर आहे का ते बघा. नुसत्या कारच्या मशीनवर अलॉयला ओरखडे पडतात. बाणाची दिशा, दोन्ही चाकांचं बॅलन्सिंग, चेनचा ताण आणि एक्सलच्या नटाची नवी स्प्लिट पिन, एवढं समोर उभं राहून करून घ्या. हवा पुढे 36 पीएसआय, मागे 42, तीही चाक थंड असताना. ‘सगळ्यात पस्तीस’ भरणाऱ्यांना गाडी देऊ नका, छोटा गेज घेऊन सीटखाली टाका.

टायर मुंबईत बसवणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. नवा टायर पहिले दीड-दोनशे किलोमीटर गुळगुळीत असतो, ग्रिप हळूहळू उघडते. ठाण्याहून निघालात की कसाऱ्यापर्यंत सरळ रस्ता, तेवढ्यात टायरचा फक्त मधला भाग घासला जातो. कडा कोऱ्याच्या कोऱ्या राहतात आणि पहिलं खरं वळण थेट घाटात येतं, तेही ट्रकांच्या डिझेलने माखलेलं. त्यामुळे पावसाळ्यात शक्यतो चाकं काढून टायर नाशिकलाच बसवा. मग गंगापूर धरणाकडे, त्र्यंबककडे हळूहळू झुकवत कडा मोकळ्या करा आणि त्यानंतर घाट उतरा.